घरकुल, स्लॅब आणि वारा

घर बांधणे ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडते. त्या वेळी सिमेंट कोणते, सळई आठची की दहाची, चौकट सागाची की साध्या लाकडाची, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु या घरात वारा कोठून येणार आणि कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बँकेत कर्ज-प्रकरणांसोबत घरांचे नकाशे माझ्या टेबलावरून जातात. नकाशात खिडक्या असतात. प्रत्यक्षात घर पाहिले तर एक खिडकी शेजारच्या भिंतीला लागल्यामुळे बुजविलेली, दुसरीपुढे कपाट उभे केलेले आणि तिसरीत कुलर बसविलेला आढळतो. मग मे महिन्यात घर भट्टीसारखे तापते आणि दोष सूर्याला दिला जातो.

सूर्य तापतो हे खरेच. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४८ अंशांपर्यंत गेला होता. नागभीडला लागून असलेल्या ब्रह्मपुरीचे नाव तर दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येते. परंतु बाहेर तेच ऊन असताना एका घरात दुपारी डोळा लागतो आणि शेजारच्या घरात जीव कासावीस होतो, हा फरक सूर्याने केलेला नसतो. तो घराच्या बांधणीने केलेला असतो. या फरकाचा अभ्यास करणारे एक मोठे शास्त्र आहे. त्यात आपल्या देशातील संशोधकांनी मोलाची भर घातली आहे. ‘वास्तुशास्त्र’ या नावाखाली दिशांचे भय घालून जे विकले जाते, त्याच्याशी या शास्त्राचा काहीही संबंध नाही, एवढे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. त्या भयापोटी चांगली वाऱ्याची खिडकी विटांनी बंद करणारी सुशिक्षित माणसे आपल्यात आजही आहेत.

विद्यार्थी मित्रांना वहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन हे चार शब्द शाळेतच भेटलेले आहेत. माणसाचे शरीर म्हणजे सतत पेटलेली एक चूल होय. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बइतकी. ही उष्णता सतत बाहेर जात राहिली तरच शरीर ३७ अंशांवर टिकते. भोवतीची हवा थंड असेल तर ती उष्णता हवेत जाते, भिंती व छत थंड असतील तर प्रारणाने त्यांच्याकडे जाते. परंतु हवा आणि छत दोन्ही आपल्या कातडीपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की हे दोन्ही मार्ग उलटे वाहू लागतात. मग एकच दार उरते, ते घामाचे. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, नुसता ओघळून गेला तर काही उपयोग नाही. घाम वाळण्यासाठी कोरडी हवा किंवा हलती हवा लागते. घरातील वाऱ्याचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

माणसाला ‘बरे वाटते’ हे मोजायचे कसे, यावर शास्त्रज्ञांत बरेच मतभेद झाले. डेन्मार्कच्या ओले फँगर यांचा ‘थर्मल कम्फर्ट’ हा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. बंद प्रयोगखोलीत लोकांना बसवून, हवेचे तापमान, भिंतींचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरील कपडे व चाललेले काम या सहा गोष्टींवरून त्यांनी सूत्र बसविले. जगभरच्या वातानुकूलित कचेऱ्या याच सूत्रावर थंड केल्या गेल्या. सूत्र हिशेबाला चोख आहे, परंतु त्यातील माणूस थंड देशातला आणि बंद खोलीतला आहे. धानाच्या बांधीत रोवणी करून आलेल्या बाईला २३ अंशांची खोली सुखाची वाटेल की हुडहुडी भरेल, हे त्या सूत्राला कसे कळावे?

आपल्याकडे १९४७ मध्ये रुडकी येथे केंद्रीय भवन संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शर्मा व अली या दोन संशोधकांनी भारतीय उन्हाळ्यात भारतीय माणसांना प्रत्यक्ष विचारून १९८६ मध्ये ‘उष्णकटिबंधीय उन्हाळी निर्देशांक’ मांडला. त्यांच्या मोजणीप्रमाणे २५ ते ३० अंशांपर्यंत आपल्या माणसाला बरे वाटते आणि ३० ते ३४ अंशांत थोडेसे गरम. त्यांच्या सूत्रातील वाऱ्याचा भाग मला फार उपयोगाचा वाटतो. हवा सेकंदाला एक मीटर वेगाने अंगावरून गेली तर सुमारे २ अंश थंड वाटते. हा परिणाम वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग चौपट केला तर फायदा फक्त दुप्पट, ४ अंशांचा. तेव्हा पहिली झुळूक सर्वांत मोलाची. हवा अगदी ठप्प असलेल्या खोलीत थोडासा वारा खेळू लागला की जे सुख मिळते, ते पंखा चारवरून पाचवर केल्याने मिळत नाही.

पुढे २००८ मध्ये हैदराबादच्या सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांचा माधवी इंद्रगंटी यांनी अभ्यास केला. त्यात लोकांना सुखाचे वाटणारे तापमान सुमारे २९ अंश निघाले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींतून सहा हजारांवर उत्तरे गोळा केली. त्यांचा निष्कर्ष असा की, खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत माणूस बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतो. बाहेरचे महिन्याचे सरासरी तापमान ३५ असेल तर आत साडेएकतीस अंशांच्या आसपास त्याला ठीक वाटते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हा विचार आला आहे. याचा साधा अर्थ असा की, आपल्याला सुखासाठी २४ अंशांची गरज नाही. तीस-बत्तीस अंश आणि अंगाला लागणारा वारा एवढे पुरते. प्रश्न एवढाच की मे महिन्यात घर बत्तीसच्या आसपास ठेवायचे कसे.

येथे मोठा गुन्हेगार छप्पर आहे. मे महिन्याच्या भर दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. दहा बाय बाराच्या खोलीवर म्हणजे अकरा किलोवॅट, जणू छतावर एक-एक किलोवॅटच्या अकरा शेगड्या लावून ठेवल्या आहेत. काळपट पडलेला सिमेंटचा स्लॅब त्यातील निम्म्याहून बरीच अधिक उष्णता पिऊन घेतो. चार-पाच इंची स्लॅबमधून ती खाली यायला तीन-चार तास लागतात. त्यामुळे ऊन दोन वाजता कडक असले तरी स्लॅबचा खालचा भाग पाच-सहा वाजता सर्वांत तापतो आणि रात्री उशिरापर्यंत तापलेलाच राहतो. बाहेर अंगणात हवा सुटलेली असते आणि आत माणूस जणू तव्याखाली झोपलेला असतो. वरचा पंखा छताखालचीच गरम हवा ढकलून खाली आणतो. टिनाचे तर विचारू नये. ते ऊन पडताच तापते आणि ऊन जाताच निवते, म्हणून दिवसा असह्य, पण रात्री स्लॅबपेक्षा बरे.

कवेलूचे घर थंड असायचे, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा आपोआप निघून जाई. खाली लाकडी किंवा बांबूचा माळा असला तर मधली हवेची पोकळी उष्णता अडवी. दीड हात मातीची भिंत दुपारचे ऊन आत पोचविण्यास जवळजवळ रात्र लावी. पुढच्या सपरीमुळे भिंतीला ऊनच लागत नसे. हे सारे शास्त्राला धरून होते. परंतु हा थंडावा उंच जोत्याच्या, मोठ्या चौकटीच्या घरांत होता, हेही सांगितले पाहिजे. गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत वाकून शिरावे लागेल अशा दाराच्या, एकही खिडकी नसलेल्या, चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या झोपड्या होत्या. त्यात पावसाळ्यात गळती आणि दरवर्षी कवेलू फेरण्याचा खर्च. आपल्या माणसाने स्लॅबचे घर मागितले ते हौसेखातर नव्हे. त्याला पक्के, न गळणारे आणि मान ताठ ठेवून शिरता येईल असे घर हवे होते. म्हणून ‘जुने ते सोने’ हा सूर मला मान्य नाही. स्लॅब असावाच. फक्त जुन्या चांगल्या घरातील वाऱ्याची व सावलीची अक्कल त्या स्लॅबखाली आणावी.

स्लॅबवर उपाय आहेत आणि सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. ताजा पांढरा चुना पडलेल्या उन्हाचा पाऊण हिस्सा परत आकाशाकडे पाठवितो. मार्चअखेर छत झाडून, चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून दोन हात मारले की उन्हाळा निघतो. धूळ बसली की गुण कमी होतो, पहिल्या पावसात बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावे लागते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेवर अधिक माणसे दगावली, तेव्हा महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. दुसरा उपाय नवीन बांधणाऱ्यांसाठी. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागात, सळयांच्या मध्ये, मंगलोरी कौले घालण्याची पद्धत रूढ केली. काँक्रीट वाचते आणि कौलांतील पोकळीमुळे उष्णताही थोडी अडते. आपल्याकडे उतरविलेली कवेलू उकिरड्यावर जातात. जाणत्या अभियंत्याला दाखवून त्यातील चांगली निवडता येतील. टिनाखाली बांबूचे तट्टे बांधून मध्ये वीतभर पोकळी ठेवली आणि त्या पोकळीची दोन्ही टोके मोकळी सोडली तरी पुष्कळ फरक पडतो.

आता वाऱ्याकडे वळू. खोलीला एकच खिडकी असेल तर ती कितीही मोठी करा, वारा दारात आलेल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परततो. हवेला आत यायचे असेल तर आधीच्या हवेला बाहेर जायला वाट हवी. इस्रायलचे बारुख गिव्होनी यांनी लहान प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून हे मोजले. एकाच भिंतीत खिडकी असेल तर आतील वाऱ्याचा वेग बाहेरच्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका राहतो. समोरासमोर उघडी जागा ठेवली की तो तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जातो. आपल्या राष्ट्रीय संहितेतही हिशेब दिलेला आहे. आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट मिळून जमिनीच्या क्षेत्राच्या २० ते ३० टक्के असेल तर बाहेरच्या वाऱ्याचा सुमारे ३० टक्के वेग आत मिळतो. याहून खिडक्या वाढवीत गेलो तरी ४० टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. म्हणजे फार मोठ्या काचांची गरज नाही, गरज समोरासमोर असण्याची आहे. खिडकीचा उंबरा जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असावा, कारण वारा खाटेवरच्या माणसाला लागला पाहिजे, भिंतीवरच्या कॅलेंडरला नव्हे.

बाहेर वाराच नसेल तेव्हा काय? तेव्हा गरम हवेच्या स्वभावाचा उपयोग करावा. ती हलकी असल्याने वर चढते. खाली खिडकी व वर, छताला लागून, रोशनदान असेल तर ती वरून निघून जाते आणि खालून नवीन हवा येते. दोन्ही वाटांमधील उंची जितकी अधिक तितका हा ओढा अधिक. जुन्या रेल्वे स्टेशनच्या आणि इंग्रजी काळातील शाळांच्या भिंतीत वर जी फिरकीची तावदाने दोरीने उघडत, ती शोभेसाठी नव्हती. अलीकडे बांधकामातून रोशनदान जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्याची जागा पी.ओ.पी.च्या वेलबुट्टीने घेतली.

खिडक्या केव्हा उघडाव्या, याबाबत आपल्याकडे उलटा प्रकार चालतो. मे महिन्यात आपल्या भागात दुपारी हवा ४३-४४ अंश असते आणि पहाटे २८च्या आसपास उतरते. दुपारी खिडकी उघडी ठेवणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे. रात्री ती बंद करणे म्हणजे दिवसभर तापलेल्या भिंतींना निवू न देणे. सकाळी आठ-नऊला खिडक्या लावून, बाहेरून तट्टा किंवा गोणपाट सोडून ऊन अडवावे. पडदा आतून लावला तर काचेतून आलेले ऊन आतच राहते, म्हणून बाहेरून. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की सर्व उघडावे, ते सकाळपर्यंत. पूर्वी माणसे अंगणात खाटा टाकून झोपत, म्हणून घर निवले नाही तरी चालून जाई. आता जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावांत वाघ-बिबट्याच्या भीतीने म्हातारी माणसे व लेकरे आत झोपतात. चोर, साप आणि डास हेही आहेतच. म्हणून रात्री उघडी ठेवता येईल अशी खिडकी हवी, म्हणजे मजबूत ग्रील व बारीक जाळी. जाळीने वारा बराच कमी होतो, तेव्हा खिडकी मूळची थोडी मोठी ठेवावी.

पंखा हवा थंड करीत नाही, तो घाम वाळवितो. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणे ही निव्वळ वीजबिलाची सेवा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याचा वारा शरीराला उलट गरम करू लागतो. अशा वेळी केवळ पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घाम कमी येणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवण्यासारखे आहे. अंगावर ओले फडके ठेवून मग पंखा लावावा, म्हणजे घामाचे काम पाणी करते.

कुलरचे तत्त्व तेच. ४४ अंश व २० टक्के आर्द्रतेची हवा ओल्या ताटीतून गेली की ती ३० अंशांच्या आसपास येते. इतक्या थोड्या विजेत इतका थंडावा देणारे दुसरे यंत्र नाही. परंतु कुलर बाहेरची हवा आत लोटतो, तितकीच बाहेर जाऊ दिली पाहिजे. कुलर खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून घेतल्या तर तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि लोक म्हणतात, कुलर बिघडला. समोरची खिडकी चार बोटे उघडा, तो सुधारतो. रोवणीच्या दिवसांत मात्र ३३ अंश व ८० टक्के आर्द्रता असते. तेव्हा कुलर दोन-तीन अंशही जेमतेम उतरवितो आणि ओल वाढवितो. त्या दिवसांत पंखा व उघडी खिडकी हेच खरे.

वाऱ्याचे दुसरे काम उष्णतेइतकेच महत्त्वाचे आहे, ते म्हणजे कोंदलेली हवा बाहेर नेणे. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितले की, खोलीतील कार्बन डायऑक्साइड हजार भागांत एक भागाच्या वर गेला तर हवा वाईट समजावी. बाहेर तो आज दहा लाखांत सुमारे ४२० भाग आहे. बंद अभ्यासिकेत पंधरा-वीस मुले बसली की पेटेनकोफरची मर्यादा लवकरच ओलांडली जाते. दुपारी पुस्तकावर येणारी झोप सर्वस्वी आळसाची नसते. अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, तेही माणसांच्या श्वासाची ओल व वायू चित्रांना बाधतो म्हणून. आपल्याजवळ भद्रावतीच्या विजासन लेण्यांत मे महिन्यातही गारवा असतो तो भोवतीच्या खडकामुळे. त्या बोगद्यासारख्या दालनांत खोलवर गेल्यावर हवा मात्र जड वाटते. गारवा आणि वारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तेथे उत्तम समजते.

क्षयरोगाचे उदाहरण तर आपल्या राज्यातीलच आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात झोपडपट्टीवासीयांना ज्या इमारती दिल्या गेल्या, त्यांपैकी तीन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व मुंबईची आय.आय.टी. यांनी अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड येथे इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. तेथे दहापैकी सुमारे एका घरात क्षयरोगी आढळला. थोड्या मोकळ्या अंतराच्या तिसऱ्या वसाहतीत शंभरात एका घरात. घरे तिन्हीकडे पक्कीच होती. पेरू देशात लिमा येथील आठ रुग्णालयांत २००७ च्या सुमारास केलेल्या मोजणीत, दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीची हवा तासाला २८ वेळा बदलली. यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत १२ वेळा. जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारती सर्वांत सरस ठरल्या. करोनाच्या काळात हेच सर्वांना पुन्हा सांगावे लागले.

विहाराच्या सभागृहालाही हाच नियम लागतो. वैशाख पौर्णिमा भर उन्हाळ्यात येते. दोनशे माणसे बसली म्हणजे वीस किलोवॅटची उष्णता माणसांचीच झाली, वर स्लॅब आहेच. सभागृह बांधताना दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर खिडक्या, वर रोशनदाने आणि कार्यक्रमाआधीच्या रात्री सर्व खिडक्या उघड्या ठेवण्याची जबाबदारी एखाद्या कार्यकर्त्यावर, एवढी व्यवस्था देणगीच्या दोन पावत्यांत होते.

घरकुलाचा हिशेब देऊन थांबतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेत किंवा प्रधानमंत्री आवास योजनेत घर साधारण २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे असते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त नागपूरसारख्या मिश्र हवामानासाठी उघडता येणारी जागा घराच्या क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के सांगितली आहे. लहान घरकुलाला ती बंधनकारक नाही, पण माप म्हणून घेण्यास काय हरकत आहे? २६९ चे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ३४ चौरस फूट. बाहेर उघडणारे दार त्यात धरता येते, तरी रात्री ते बंद असणार, म्हणून केवळ खिडक्यांचा हिशेब करावा. तीन बाय चारच्या तीन खिडक्यांत तो बसतो. मात्र सरकत्या काचेची खिडकी अर्धीच उघडते, म्हणून तिचे बारा फूट हे सहाच मोजावेत. पल्ल्याची खिडकी पूर्ण उघडते. तीनपैकी दोन समोरासमोरच्या भिंतींत येतील असे पाहावे, आणि शेजारी पुढे भिंत उभारू शकेल अशा बाजूला एकही ठेवू नये. रोशनदानाची जागा लिंटलच्या वर, छताला शक्य तितकी जवळ. ती मिस्त्रीला जोत्याच्या वेळीच सांगून ठेवावी. एकदा बीम आणि स्लॅब पडल्यावर तो तेथे छिन्नी लावू देत नाही, आणि त्याचे ते बरोबरच असते.